पट्टी नसलेले दिवस

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं म्हणालात म्हणून मी तुम्हाला तुमची खोली दाखवली. पडदे दाखवले, पुस्तकांचं कपाट दाखवलं. थोरल्याने त्याची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली आहेत ना ते बघून घेतलं. धाकटीने मात्र मध्येच विचारलं, "आजी, माझ्या उशीवर ती लाल रिबन कुणाची?"

मी म्हटलं, सांगेन. मग तुमच्या आईला निघायचं होतं आणि आपण फोन ठेवला.

सांगेन म्हटलं की मी सांगते. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यात माझी एक चूक आहे, आणि चूक सांगायची तर ती पहिल्यापासून, क्रमाने सांगावी लागते. म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

रिबन छोटीची आहे. आपल्याकडे स्वयंपाकाला ज्या बाई येतात, ज्यांच्या हातचे मुळ्याचे पराठे तुम्हाला आवडले होते, त्यांची ही मुलगी. आठ वर्षांची आहे. घरात सगळे छोटी म्हणतात म्हणून आम्हीही तेच म्हणतो. उन्हाळ्यात ती तुमच्यासारखीच धावते, भांडते. पण दिवाळीच्या आसपास हवा गार आणि जड झाली की तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायला लागते. त्यांचं घर नाल्यापलीकडच्या इंडस्ट्रियल एरियाच्या अगदी कडेला आहे. तिथे चपलांचे तळवे ओतणारे, प्लॅस्टिक वितळवणारे, तारांवरचं रबर जाळून आतलं तांबं काढणारे लहान लहान कारखाने आहेत. काही दिवसा चालतात, काही अंधार पडल्यावर. ज्या रात्री धूर खाली बसतो, त्या रात्री छोटीला झोपता येत नाही. तिला भिंतीला टेकवून बसवावं लागतं.

तुमच्या खोलीत हवा स्वच्छ करणारं यंत्र आहे. तुम्ही येणार होतात म्हणून आणलं होतं. तुमचं येणं त्या वर्षी राहिलं, यंत्र राहिलं. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर मी बाईंना म्हटलं की छोटीला रात्री इथेच ठेवा. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "रोज-रोज नहीं, आंटी जी. घर भी तो घर होता है. जिस रात बहुत खराब हो, उस रात भेज दूँगी."

अडचण एवढीच होती की रात्र खराब आहे हे अंधार पडल्यावरच कळतं, आणि तोवर तिकडून निघायला रिक्षा उरलेली नसते. रात्र खराब होणार हे दुपारी कळायला हवं होतं. दुपारी कुणाला काय कळणार? दुपारी तर आपल्याकडे, दिल्लीच्या या द्वारका भागात, ऊन पडलेलं असतं आणि लोक बाल्कनीत बसून मटार सोलत असतात.

अशा दिवसांत आम्हाला एक नांदेडची मुलगी भेटली.

महिन्यातून एकदा आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सरकारी अतिथिगृहात जेवायला जातो. तुमच्या आजोबांना तिथलं पिठलं आवडतं, घरचं आवडत नाही असं नाही, पण तिथे ते दुसऱ्याने केलेलं असतं. त्या दिवशी परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुलांनी सगळी टेबलं भरली होती, म्हणून एक मुलगी परवानगी मागून आमच्या टेबलावर बसली. एका हाताने जेवत होती, दुसऱ्या हाताने लॅपटॉप. पडद्यावर दिल्लीचा नकाशा होता, वहीच्या चौकटीसारखे त्याचे बारीक चौकोन केलेले, आणि त्या चौकोनांतून पिवळा, नारिंगी, तपकिरी रंग हळूहळू सरकत होता. एका चौकोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाण्यात शाईचा थेंब पडावा आणि पाण्यालाही घाई नसावी, तसा.

"हे काय, मॅच आहे का?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा. उद्याची हवा आहे."

ती एका संशोधन संस्थेत कारखान्यांच्या भागातली हवा आधी सांगणारं मॉडेल तयार करत होती. भाताचा घास थांबवून तिने आम्हाला समजावलं. आधी जमिनीचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात काय काय वर जातं ते मांडायचं: कुठे धुराडं, कुठे भट्टी, कुठून ट्रक जातात, कुठे नुसतीच धूळ. मग वारा सोडायचा. दर तासाला प्रत्येक चौकोन शेजारच्याला थोडा धूर देतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याकडून थोडा घेतो. आणि या सगळ्यावर एक झाकण असतं. दिवसा ऊन असलं की ते झाकण उंच जातं, धुराला पसरायला जागा मिळते. संध्याकाळी जमीन गार झाली की ते खाली उतरतं, आणि काही रात्री तर इतकं खाली येतं की सगळा धूर गल्लीतच कोंडतो. कॉम्प्युटर हे गणित पुढच्या रात्रीपर्यंत करत नेतो.

"म्हणजे ज्योतिषीणबाई आहात," आजोबा म्हणाले.

"ज्योतिषाला नंतर कुणी विचारत नाही की खरं झालं का. मला रोज विचारतात."

त्यातच तिची अडचण होती. त्या गल्ल्यांमध्ये हवा मोजणारं यंत्र नव्हतं. सगळ्यात जवळचं यंत्र दूर उड्डाणपुलापाशी. मॉडेल म्हणायचं की अमुक चौकोनात आज रात्र वाईट, पण ती खरंच वाईट झाली का हे तिला कोण सांगणार? मी तिला नाल्यापलीकडच्या वसाहतीचं विचारलं. तिने पडद्यावर बोट ठेवलं. तिथे एक तपकिरी चौकोन होता. त्यात छोटी राहत होती.

मी पहाडगंजला शाळेत भूगोल शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या गच्चीवर मी मुलींकडून पाऊस आणि तापमानाची नोंदवही ठेवून घेत असे. त्याच रात्री मला ती वही आठवली आणि सकाळी उठून मी एक पद्धत ठरवली. तुमच्या आजोबांचे जुने पांढरे मलमलचे सदरे कापून सारख्या मापाच्या पट्ट्या केल्या. एका कार्डावर पेन्सिलीने सहा घरं रंगवली: शून्य म्हणजे कोरा कागद, मग हळूहळू गडद होत पाच म्हणजे जवळजवळ काळा. बाईंनी रोज जाताना एक पट्टी न्यायची, संध्याकाळी घराच्या खिडकीबाहेर बांधायची, सकाळी सोडून पिशवीत घालून आणायची. मी ती खिडकीच्या उजेडात कार्डाशेजारी धरायची, आकडा ठरवायचा, वहीत लिहायचा आणि पट्टी त्याच ओळीत चिकटवायची. आठवड्याच्या आकड्यांचा फोटो त्या मुलीला पाठवायचा. तिला ही कल्पना इतकी आवडली की ती दुसऱ्याच आठवड्यात मेट्रोने घरी आली आणि कार्डाचा फोटो घेऊन गेली.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. आपल्या सोसायटीच्या रस्त्यावर सातवीणीची झाडं आहेत. ती ऐन थंडीच्या सुरुवातीला फुलतात आणि त्यांचा वास धुरात मिसळतो, म्हणजे गोड कुठलं आणि जळकं कुठलं हे नाकाला वेगळं करता येत नाही. समोरच्या इमारती नसायच्याच. विमानं दिसायची नाहीत, नुसता आवाज डोक्यावरून उतरत जायचा, जणू कुणी वरच्या मजल्यावर जड कपाट सरकवतंय. मेट्रो धुक्यातून यायची, दोन दिवे आधी, मग डबे, मग पुन्हा काही नाही. आणि त्या पांढुरक्या पोकळीतून बाई यायच्या, डोक्यावरून शाल, हातात पिशवी, पिशवीत रात्रीचा तुकडा. मी चहा टाकायची. त्या हात धुवायच्या. मग मी ती पट्टी बोटांच्या चिमटीत धरून खिडकीशी न्यायची, आणि मला वाटायचं की ही त्या चौकोनाची एक रात्र आहे, धुऊन न काढलेली.

"कितना आया?" त्या विचारायच्या.

"तीन."

"हाँ, तीन ही होगा. पुरवा थी," म्हणजे पूर्वेचा वारा होता.

मी दुपारी डोळे मिटून पडले की मला ते चौकोन दिसायचे. सगळी दिल्ली चौकोनांची, आणि प्रत्येकात एक खिडकी, आणि खिडकीला एक पट्टी हलते आहे. धूर चौकोनावरून चौकोनावर पाय ठेवत येतो आहे. माझ्या स्वप्नात तो कधीच नाल्याच्या अलीकडे येत नसे.

आता माझी चूक.

अधूनमधून बाईंचा खाडा व्हायचा. इथे घरोघरी कामाच्या बाईंचे खाडे कॅलेंडरवर फुलीने मांडतात. मीही स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर मांडते, पेन्सिलीने, बारीक. खाड्याच्या दिवशी पट्टी यायची नाही. त्या परत यायच्या तेव्हा जी पट्टी आणायच्या ती दोन रात्री बाहेर राहिलेली असायची. नियम एका रात्रीचा होता. दोन रात्रींची पट्टी कार्डाशी जुळवणं चूक, म्हणून मी ती टाकून देत असे. ती नेहमी फार काळी असायची. दोन रात्रींची आहे, काळी असणारच, असं मी धरलं.

पण मग वहीत रिकाम्या ओळी राहायच्या. मला वहीत रिकामी ओळ बघवत नाही. शाळेतही एखादी मुलगी पावसाची नोंद विसरली की मी तिला आदल्या आणि नंतरच्या दिवसाचा मध्य काढून लिहायला सांगत असे. पुस्तकातही तसंच दिलेलं होतं. इथेही मी तेच केलं. आधीच्या पट्टीचे दोन, नंतरच्या पट्टीचे तीन, तर मधल्या ओळींत दोन किंवा तीन. पट्टीची जागा मोकळी राहायची, पण आकड्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला दिसायचा. फोटो मी रकान्याचाच पाठवत असे.

बाईंना मी कधी विचारलं नाही की ती रात्र कशी होती. खाड्यानंतर माणसाला काही विचारलं की तो खाड्याचा जाब वाटतो. त्या आपणहून काहीतरी सांगायच्या. गावाहून जेठ, म्हणजे थोरले दीर, आले होते. पाण्याचा टँकर आला नव्हता. मी बरं म्हणायची आणि कणीक काढून द्यायची.

उन्हाळ्यात नांदेडच्या त्या मुलीने सगळ्या हिवाळ्याचे आकडे मॉडेलशी लावून पाहिले. आनंदाने सांगायला आली. बहुतेक रात्री जुळत होत्या. फक्त मधूनच एखाद्या रात्री मॉडेल उगाच ओरडतं, म्हणाली. वहीत दोन असतात आणि ते चार-पाच म्हणतं. तिने खूप विचार करून शोधलं होतं की अशा रात्री तिचं झाकण जरुरीपेक्षा खाली येतं. तिने ते थोडं वर उचललं. आता सगळं छान बसत होतं.

"तुमच्या वहीत पाच एकदाही नाही, आजी," ती म्हणाली.

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

या वर्षी नवरात्र संपल्यावर रोज दुपारी बाराच्या सुमारास तिचा मेसेज यायला लागला. त्यात एकच आकडा, आज रात्रीचा, छोटीच्या चौकोनाचा. चार किंवा पाच असला तर छोटीने शाळेतून थेट इकडे यायचं, असं ठरलं. छोटीला या सगळ्याची फार मजा वाटायची. फोन करून विचारायची, "दादी, आज हमारे डिब्बे में क्या है?" चौकोनाला ती डबा म्हणायची. मी आकडा सांगायची. दोन. तीन. दोन. एकदा चार आला तेव्हा ती दप्तर आणि एक पोपटी उशी घेऊन आली आणि तुमच्या पलंगावर आडवी झोपली.

दिवाळी होऊन आठवडाही झाला नसेल. दुपारी आकडा आला, दोन. मी बाईंना सांगितलं, त्यांनी मान हलवली, भाजी झाकली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. नऊ वाजता त्यांच्या यजमानांचा फोन आला. छोटीला रात्री हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. तोंडाला वाफेचा मास्क लावला होता, ऑक्सिजन लावला होता. आता जरा ठीक होती, पण बोलत नव्हती. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "आंटी जी, आपने तो दो बोला था ना?"

मी हो म्हटलं.

तुमचे आजोबा लगेच कपडे करून हॉस्पिटलला निघाले. मी घरी राहिले. गॅस पुसला. कॅलेंडरवर त्या दिवसाची फुली मारली. मग रोजच्यासारखी वही उघडली, तारीख लिहिली. कालची पट्टी दोन होती. पुढच्या पट्टीचा आकडा बघून मध्य काढायचा, तोवर फिकट पेन्सिलीने दोन लिहून ठेवायचा, ही माझी पद्धत. पेन्सिल कागदाला टेकली आणि माझा हात थांबला. मूल हॉस्पिटलमध्ये आहे आणि मी त्या रात्रीचे दोन लिहिते आहे.

मी पेन्सिल खाली ठेवली. भिंतीवरून कॅलेंडर काढलं, गेल्या वर्षीचं गुंडाळून ठेवलेलंही काढलं, आणि टेबलावर वहीशेजारी पसरलं. जिथे फुली, तिथे वहीत पट्टी नाही. जिथे पट्टी नाही, तिथे माझ्या अक्षरात दोन, दोन, तीन, दोन. फार सुबक अक्षर. बाहेर धूर इतका होता की खिडकीची चौकटसुद्धा अंधुक वाटत होती, आणि मला वाटलं की मी कुठल्या तरी पाण्याखाली बसले आहे, आणि वरून त्या टाकून दिलेल्या काळ्या पट्ट्या एकेक करून माझ्याकडे खाली येत आहेत.

नांदेडच्या मुलीला मी फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर छोटी बोलायला लागली होती, आजोबांकडे फ्रूटी मागत होती. मी दोन्ही कॅलेंडरं आणि वही तिच्यापुढे ठेवली आणि काही न सांगता तिला बघू दिलं. तिने फुल्यांवरून बोट फिरवलं.

"या ओळींना पट्टी नाहीये."

"नाही."

"मग आकडे कुठून आले, आजी?"

"माझ्या डोक्यातून," मी म्हटलं, आणि मध्य कसा काढला ते सांगितलं.

ती लॅपटॉप उघडून एकेक तारीख पाहत गेली. मीही पाहत होते. पडद्यावर तिने झाकण उचलण्याआधीचे जुने आकडे काढले होते. माझ्या दोनसमोर तिथे चार होते, पाच होते.

"ते बरोबर सांगत होतं," ती शेवटी म्हणाली. "मीच त्याला गप्प केलं. तुमची वही इतकी नीटनेटकी, मला शंकासुद्धा आली नाही."

"लग्न झाल्यापासून मीही हिच्या वहीवर शंका घेतलेली नाही," आजोबा दारातून म्हणाले. ती हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना म्हणाली की मॉडेलचं ती बघेल, पण बाईंना सांगायचं काम माझं.

बाई चार दिवसांनी आल्या. मी त्यांना आधी बसा म्हटलं. आपल्या डायनिंग टेबलाशी त्या कधी बसत नाहीत, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतात, म्हणून मीही तिथेच दुसरं स्टूल ओढलं. चहा दिला आणि सगळं सांगितलं. पट्टी नसलेले दिवस, मी भरलेले आकडे, उचललेलं झाकण, दुपारी आलेला दोन. माझं हिंदी शाळेतलं आहे, त्यामुळे ते फार स्वच्छ आणि फार वाईट ऐकू आलं.

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता.

"जगह खाली छोड़ देतीं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "या हमसे पूछ लेतीं. अगले दिन मैं बता देती."

मी म्हटलं की तुम्हाला खाड्याचा जाब वाटेल म्हणून विचारलं नाही.

"और मैं इसलिए नहीं बताती थी कि आप बहाना समझेंगी. हर बार बच्ची बीमार बोलो तो काम वाला घर छूट जाता है. दो घर छूटे हैं ऐसे."

आम्ही दोघींनी चहा संपवला. कोई बात नहीं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही त्याची वाट पाहिली नाही.

मग त्यांनीच कॅलेंडर पुढे ओढलं. त्यांना वाचता येत नाही, पण फुल्या ओळखता येतात. एकेका फुलीवर बोट ठेवत म्हणाल्या, "ये छोटी. ये भी छोटी. ये... ये सच में जेठ आए थे." ती जेठांची फुली सोडली तर जवळजवळ सगळ्या छोटीच्या होत्या. कुठल्या रात्री शेजारी लग्नाचा बँड होता आणि त्या आवाजात छोटीचा श्वास ऐकू येत नव्हता, कुठल्या रात्री त्या तिला घेऊन पहाटेपर्यंत दारात बसल्या होत्या, हे त्यांना सगळं आठवत होतं. मी माझे आकडे खोडले. खोडरबराने नाही, एक रेघ ओढून, खालचं दिसेल असे. शेजारी लाल शाईने त्यांचे आकडे लिहिले आणि वर लिहिलं: बाईंच्या आठवणीतून. वहीत पहिल्यांदाच पाच आले. एकापाठोपाठ एक.

वहीचं ते पान आता फार गचाळ दिसतं. मी ते तसंच त्या मुलीला पाठवलं.

तिने झाकण खाली आणलं. पुन्हा सगळं जुळवून पाहायला तिला दोन आठवडे लागले आणि तेवढे दिवस दुपारचा आकडा बंद होता. त्या दिवसांत छोटी रोज इथेच राहिली, घर भी तो घर होता है हे बाईंनी काही काळ बाजूला ठेवलं. मग आकडा पुन्हा सुरू झाला. तीन आला, छोटी घरी गेली. पट्टी तीनच निघाली. दोन आला, पट्टी दोन. पण हे आकडे आम्हा कुणालाच घाबरवणारे नव्हते. ज्या रात्रीसाठी हे सगळं केलं, ती रात्र यायची होती.

ती आली त्या दिवशी दिल्लीत असं ऊन पडलं होतं की तुम्हाला बोलवावंसं वाटावं. आकाश निळं, बाल्कनीत कबुतरं, सोसायटीच्या हिरवळीवर बायका शेंगदाणे खात बसल्या होत्या. बारा वाजता फोन वाजला. पाच.

मी बाईंना दाखवलं. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं.

"आज? आज तो आसमान साफ है, आंटी जी."

मागच्या वेळी मी दोन म्हटलं होतं, आता कुठल्या तोंडाने पाच म्हणू? शिवाय त्या रात्री त्यांच्या घरी भजन होतं, छोटीला नवा फ्रॉक घालायचा होता, हे मला चार दिवस ऐकून माहीत होतं. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर ऊन होतं. हवेत बोट फिरवावं तसा त्यांनी हात जरासा बाहेर काढला.

"हवा बिल्कुल बंद है," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वो दीदी वाला अब सच बोलता है?"

मी म्हटलं, "तुमने जो बताया, अब वही बोलता है."

त्यांनी पदराला हात पुसले आणि यजमानांना फोन लावला.

छोटी नवा फ्रॉक घालूनच आली, दोन वेण्या, दोन लाल रिबनी, आणि माझ्यावर पूर्ण रागावलेली. भजन तिने फोनवरून ऐकलं. मग तुमच्या पलंगावर, तुमच्या माशांची चित्रं असलेल्या पांघरुणात झोपून गेली. सकाळी सहाला उठल्यावर मी तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. यंत्राचा बारीक गुरगुराट होता आणि त्याच्या आत तिचा श्वास. मी शिट्टी ऐकायचा प्रयत्न करत होते. ऐकू आली नाही. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, झाड नाही, रस्ता नाही, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर तुमची खोली एखाद्या होडीसारखी हलकेच उभी होती. मी किती वेळ तिथे होते मला सांगता येणार नाही. पाय दुखायला लागले तेव्हा निघाले.

बाई उशिरा आल्या. धुक्यात रिक्षा मिळत नव्हती. त्यांनी पिशवी उघडली आणि पट्टी काढून माझ्या हातात दिली. मी ती खिडकीशी नेली नाही. नेण्याची गरज नव्हती.

छोटीने ती माझ्याकडून घेतली आणि कार्डाशेजारी धरली. "दादी, ये तो पाँच से भी ज़्यादा है." कार्डावर पाचाच्या पुढे घर नव्हतं. तिने माझी पेन्सिल घेतली, पाचाशेजारी वाकडंतिकडं एक चौकोन काढला आणि जीभ बाहेर काढून तो रंगवत बसली, कागद चकाकायला लागेपर्यंत. मग त्यात बसेना म्हणून बाहेरही थोडं रंगवलं. माझी चौकट बिघडली. तो चौकोन आता आमच्या कार्डावर आहे, आणि नांदेडच्या मुलीने तो मॉडेलमध्येही घातला आहे.

हॉस्पिटलच्या रात्रीची ओळ मात्र तशीच आहे. तारीख आहे, पुढे काही नाही, बाजूला एक छोटं वर्तुळ. पट्टी न आलेल्या दिवशी आता अशीच वर्तुळं येतात. दुसऱ्या दिवशी बाई आल्या की मी चहा पुढे करते आणि विचारते, काल काय झालं. त्या सांगतात.

तर धाकटे, त्या दोन रिबनींपैकी एक छोटी विसरून गेली आणि ती तुझ्या उशीवर तू पाहिलीस. छोटीला मी तुझं विचारणं सांगितलं. ती म्हणाली, रिबन तिथेच राहू दे, म्हणजे पलंगाला कळेल की तिचीही पाळी असते. तुम्ही दोघं याल तेव्हा आपण तिसरी गादी घालू.

हे लिहिताना मधे फोन वाजला. बारा वाजून गेलेत. आज चार आहे. उठून तुमच्या पलंगाची चादर बदलते.